एंजिनबंदी, उड्डाणातील
एंजिनबंदी, उड्डाणातील : विमान हवेत असताना त्याचे एखादे एंजिन आपोआप बंद पडणे किंवा बिघाडाची चिन्हे दिसल्यामुळे वैमानिकाने ते हेतुपुरस्सर बंद करणे. एकाहून अधिक एंजिने असलेल्या प्रवासी विमानाची रचना अशी केलेली असते की, एक एंजिन गेले तरी उरलेल्या एंजिनांच्या बळावर ते सुरक्षितपणे उतरू शकेल. तथापि कोणते एंजिन बंद करावयाचे, हे ठरविणे वैमानिकाच्याच हाती राहते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील प्रवासी विमानांना पुष्कळदा तीन एंजिने असत. १९३२ मध्ये ट्रान्सकॉन्टिनेंटल अँड वेस्टर्न एअर या अमेरिकन कंपनीने नव्या विमानाची मागणी नोंदविताना अशी अट घातली की, आपल्या मार्गांवरील कोणत्याही विमानतळावरून एक एंजिन बंद असतानाही उड्डाण साधले पाहिजे. डग्लस कंपनीने दोनच एंजिनांचे डीसी-१ हे विमान बांधले आणि १९३३ मध्ये अ‍ॅरिझोनातील उंचावरच्या विन्स्लो येथून एका एंजिनावर उड्डाण करून ही अट पुरी केली.

बंद एंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला, तर विमानाला मोठा अवरोध होतो. म्हणून पात्यांच्या कडा वाऱ्याच्या दिशेला आणून पंखा थांबविण्याची योजना पुढे प्रचारात आली. ती न चालल्यास काय होते, हे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दिसले. होनोलुलूहून सॅन फ्रॅन्सिस्कोला निघालेल्या पॅन अमेरिकन कंपनीच्या स्ट्रॅटोक्रूझर विमानाचा एक पंखा अशा रीतीने थांबविता येईना आणि दुसऱ्या एका एंजिनाचीही शक्ती गेली. वैमानिकाने तटरक्षक दलाच्या जहाजाभोवती रात्रभर घिरट्या घातल्या व उजाडल्यावर विमान समुद्रात उतरविले. सर्व ३१ जण वाचले. घाई न करण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच आढळेल.

झोत एंजिनांमुळे पंख्याची अडचण संपली आणि एंजिने अधिक भरवशाची झाली. दोन एंजिनांच्या विमानाने विमानतळापासून एका एंजिनावरील ६० मिनिटांच्या अंतरातच राहावे, हा अमेरिकेतील १९५३ चा नियम होता. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांपर्यंत वाढविण्यास वाव मिळाला. दोन एंजिनांची विमाने अटलांटिक ओलांडू लागली. पण त्याबरोबर निवडीतील चुकीची किंमतही वाढली. चारांपैकी चांगले एंजिन चुकून बंद केले, तर विमान तग धरू शकते. दोहोंपैकी चांगले बंद केले, तर उरते ते बिघडलेलेच.

८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलँड कंपनीचे बोइंग ७३७-४०० हे विमान लंडनहून बेलफास्टला १२६ जणांसह जात होते. सु. ८,६०० मी. उंचीवर डाव्या एंजिनाच्या पुढील पंख्याचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले व धुराचा वास आला. धूर उजव्या एंजिनाकडून येत असावा, असा प्रमुख वैमानिकाचा समज झाला. सहवैमानिकाने आधी डावे म्हणता म्हणता उजवे सांगितले. उजव्या एंजिनाची शक्ती कमी करताच थरथर ओसरली. खरे पाहता स्वयंचलित शक्तिनियंत्रण सुटल्यामुळे डावे एंजिन काहीसे स्थिरावले होते. या योगायोगाने चुकीचा निर्णय बरोबर ठरल्यासारखा वाटला आणि उजवे एंजिन बंद करण्यात आले. कंपनदर्शक डाव्या बाजूची बिघाडाची खूण दाखवीत होता. पण तो आकाराने लहान होता आणि जुन्या विमानांतील असे दर्शक बेभरवशाचे असल्याने वैमानिकांना त्याकडे पाहण्याची सवय नव्हती. फेरविचाराचा प्रयत्न बिनतारी संदेशांमुळे मध्येच तुटला.

याहून मन खिन्न करणारी गोष्ट प्रवासी कक्षात घडली. डाव्या एंजिनातून ज्वाळा निघताना अनेकांनी पाहिल्या होत्या. उजवे एंजिन बंद केल्याची घोषणाही त्यांनी ऐकली. वैमानिकाला अधिक कळत असेल, या समजुतीने कोणीही ही विसंगती त्याच्या कानावर घातली नाही. ईस्ट मिडलँड्स विमानतळाजवळ येताना वेग राखण्यासाठी शक्ती वाढविली असता डावे एंजिनही निकामी झाले. विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळले व ४७ जण मृत्युमुखी पडले.

अशा प्रसंगी प्रथम सुकाणूने विमानाची दिशा व वेग सांभाळावा, पुरेशी उंची येईपर्यंत एंजिनाला हात लावू नये, हे वैमानिकांना शिकविले जाते. मग एकाने शक्तिदांड्यावर हात ठेवून एंजिनाचे नाव उच्चारावे, दुसऱ्याने दर्शक पाहून दुजोरा द्यावा आणि त्यानंतरच इंधन तोडावे. केगवर्थनंतर वैमानिक आणि कक्षसेवक यांच्यातील संवादाच्या शिक्षणावरही भर आला.

तरीही ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर ७२-६०० विमानात तेच घडले. उड्डाण होताच उजव्या एंजिनाचा पंखा सदोष संकेतामुळे आपोआप निष्क्रिय झाला. प्रमुख वैमानिकाने दुजोऱ्याची वाट न पाहता डाव्या, चालू एंजिनाची शक्ती कमी केली व ते बंद केले. चूक उमगून ते पुन्हा सुरू करीपर्यंत उंची उरली नव्हती. विमान कीलुंग नदीत कोसळले. ५८ पैकी ४३ जण मरण पावले.