३० सप्टेंबरनंतरची मुलं

हमरापूर म्हटलं की लोकांना गणपतीच आठवतात. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत हा सगळा पट्टाच कारखान्यांचा. पण गणपती रवाना झाले, दिवाळी उरकली, की याच भागात दुसरा हंगाम सुरू होतो, त्याचे फोटो काढायला कुणी जात नाही. वीटभट्टीचा.

रायगडातली कातकरी कुटुंबं भट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या घेऊन निघतात. कुणी जवळच्याच पेण-पनवेल-कर्जतच्या भट्ट्यांवर, कुणी थेट कर्नाटकात कोळसा पाडायला. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. शाळा सुरू होते जूनमध्ये. म्हणजे पोर वर्षातले चार-पाच महिने शाळेत आणि उरलेलं वर्ष भट्टीवर. मजुरी हजार विटांमागे, त्यामुळे अख्खं घर राबतं. आठ वर्षांची मुलगी विटा नसेल वाहत, तर धाकट्या भावाला तरी सांभाळत असते.

मंडळी, स्थलांतरितांची मुलं आणि सरकारी शाळा हा विषय काढला की आपण लगेच अमेरिकेत पोचतो. तिथला गाजलेला खटला टेक्सासचा. कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा रोखणारा कायदा तिथे १९७५ साली झाला. टायलर नावाच्या गावात अशा मुलांकडून वर्षाला १००० डॉलर फी मागायला लागले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा उडवला. आईबाप सीमा ओलांडून आले याची शिक्षा पोराला नाही, हा मुद्दा. आमच्या कातकरी पोराने तर साधी राज्याची सीमाही बहुतेक वेळा ओलांडलेली नसते, फक्त तालुका बदललेला असतो. तरी ते कागदात अडकतं.

आपल्याकडे सार्वजनिक शाळांनी परक्यांना जागा दिलीच नाही असं मात्र नाही. मुंबई महापालिकेने मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवल्या. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे आपण विसरतो. पण ती सोय येऊन राहणाऱ्यांसाठी. दर सहा महिन्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्यांचं काय?

त्याला दोन उत्तरं निघाली. एक आश्रमशाळेचं: आईबाप जाऊ देत, मूल इथे राहू दे. दुसरं उलटं: शाळाच मुलामागे जाऊ दे. १९९० च्या दशकात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या 'विधायक संसद'ने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच वर्ग सुरू केले. कच्च्या विटा रचून मजूर जी झोपडी करतात तिला भोंगा म्हणतात, म्हणून या 'भोंगाशाळा'. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्याही याच जातीच्या.

मग आला शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कागदावर हा टेक्सासच्या निकालापेक्षाही पुढचा आहे. कलम ५: मूल कुठल्याही कारणाने गाव बदलो, दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम १४: जन्माचा पुरावा नाही म्हणून नकार नाही. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलंय. सगळ्या मुलांना नियमित शाळेतच घ्यायचं ठरल्यावर साखरशाळांसारखे तात्पुरते वर्ग मागे पडत गेले. तत्त्व म्हणून योग्यच. प्रत्यक्षात भट्टीपासून शाळा दोन-तीन किलोमीटर, मध्ये हायवे, आणि सोडायला कोणी नाही.

आता गंमत बघा (गंमत कसली!). महाराष्ट्रात शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि त्यासाठी पटसंख्या धरतात ३० सप्टेंबरची. भट्टीचा हंगाम सुरू होतो दिवाळीनंतर. म्हणजे हे पोर मोजलं जातं वाडीच्या शाळेत, आणि बसायला जातं भट्टीजवळच्या शाळेत. त्या गुरुजींच्या वर्गात डिसेंबरमध्ये वीस नवीन मुलं आली तरी शिक्षक वाढत नाही. वाडीच्या शाळेला पट घसरायची भीती, त्यामुळे नाव सोडवत नाही. २०१५ पासून 'सरल' पोर्टल आहे, त्यावर नवीन शाळेने विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेने मंजूर करायची. मी पोट भरतो डेटाबेसवर, म्हणून सांगतो, यात सॉफ्टवेअरचा दोष फार नाही. बटण आहे. ते दाबण्यात दोन्ही बाजूंचं नुकसान आहे, म्हणून ते दाबलं जात नाही. रेशनकार्ड आता देशभर कुठेही चालतं, कारण तिथे धान्य माणसामागे जातं. इथे शिक्षक मुलामागे जात नाही.

राज्याने 'शिक्षण हमी कार्ड'ही काढलं, मूल कितवीत आहे, किती शिकलंय हे त्यावर लिहून सोबत द्यायचं. कल्पना छान. पण कार्ड द्यायला गुरुजींना कुटुंब निघायच्या आधी कळायला हवं. भट्टीवाल्याचा टेम्पो तर वाडीत पहाटेच येऊन उभा राहतो.