राजासाठी प्रार्थना की स्वराज्याची प्रतिज्ञा?

२६ जानेवारी १९३० हा रविवार होता. लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता आणि जानेवारीतला शेवटचा रविवार ‘स्वातंत्र्य दिन’ म्हणून पाळायचं ठरलं होतं. त्या दिवशी देशभर लोक जमले, तिरंगा फडकला, प्रतिज्ञा वाचली गेली.

पण रविवार हा ख्रिस्ती माणसाचा उपासनेचा वार. अँग्लिकन चर्चच्या उपासनेत तेव्हा राजा पंचम जॉर्ज यांच्यासाठी प्रार्थना होत असे. आत राजासाठी प्रार्थना करायची आणि बाहेर येऊन त्याच राजाची सत्ता झुगारण्याची प्रतिज्ञा घ्यायची, हे एकाच माणसाला कसं जमावं?

आज २६ जानेवारीला सुट्टी असते, चर्चच्या आवारातही झेंडावंदन होतं, त्यामुळे हा पेच आपल्या लक्षातही येत नाही. तेव्हा तो खराखुरा होता. बायबलमध्येच दोन्ही बाजू सापडत होत्या. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १३व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलं आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये पेत्र सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी. त्यात परदेशी मिशनऱ्यांना सरकारशी आदराने वागण्याची लेखी हमी देऊनच भारतात काम करता येई. त्यामुळे अनेक चर्चेसनी गप्प राहणं पसंत केलं.

जे. सी. कुमारप्पा गप्प राहिले नाहीत. १८९२ साली तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्म, मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडनमध्ये हिशेब तपासनीस झाले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. १९२९मध्ये गांधीजींना भेटले आणि सुटाबुटातला हा माणूस खादीत आला, ‘कुमारप्पा’ हे घराण्याचं जुनं नाव लावू लागला. १९३०मध्ये भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख बिशप फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा कुमारप्पांनी त्यांना पत्रातून जाहीर आव्हान दिलं. त्यांचा मुद्दा साधा होता: येशूची अहिंसा मानणाऱ्यांनी लाठ्या खाणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींच्या बाजूने उभं राहायला हवं.

पण त्यांची खरी गोष्ट यानंतरची आहे, आणि ती वर्ध्यात घडली.

त्या प्रतिज्ञेत झेंड्याबिंड्यापेक्षा पोटापाण्याच्या गोष्टी जास्त होत्या. हातकताईसारखे खेड्यातले धंदे मोडले, शेतकरी वर्षातले किमान चार महिने रिकामा बसतो, अशी त्यात थेट तक्रार होती. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, गूळ या गोष्टींवर तिथे प्रयोग झाले. ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. ते आजही वर्ध्यात आहे.

म्हणजे एका दिवशी वाचलेल्या प्रतिज्ञेतली तक्रार या माणसाने उचलली आणि पुढची कित्येक वर्षं तिच्यावर काम केलं. १९४२च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी अर्थशास्त्रावर एक आणि येशूच्या आचारविचारांवर एक अशी दोन पुस्तकं लिहिली. दोन्हींना गांधीजींच्या प्रस्तावना आहेत. कुमारप्पांच्या लेखी हे दोन वेगळे विषय नव्हतेच. शेजाऱ्यावर प्रेम करायचं तर तो कसा जगतो, काय खातो, हे बघावंच लागतं.

१५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात दोन ख्रिस्ती मंत्री होते. जॉन मथाई आणि सेवाग्रामला गांधीजींच्या सचिव म्हणून काम केलेल्या राजकुमारी अमृत कौर. योगायोग असा की १५ ऑगस्ट हा कॅथलिकांचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचाही सण. त्यामुळे अनेक पॅरिशमध्ये त्या दिवशी मिस्साही असते आणि झेंडावंदनही.

सगळ्याच ख्रिस्ती पंथांनी मात्र हा प्रश्न असा सोडवलेला नाही. केरळमधल्या ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथातल्या तीन भावंडांनी राष्ट्रगीताला आदराने उभं राहूनही ते गायला नकार दिला, म्हणून १९८५मध्ये त्यांना शाळेतून काढलं. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. गाणं न गाणं म्हणजे अपमान नव्हे, असं न्यायालय म्हणालं.

ही भावंडं आणि कुमारप्पा वरवर दोन टोकांना दिसतात. एकाने राष्ट्रीय दिवस जीव ओतून पाळला, दुसऱ्यांनी राष्ट्रगीत गायलं नाही. पण दोघांनीही आधी स्वतःच्या विवेकाला विचारलं आणि त्याची किंमतही मोजली. कुणी तुरुंगात गेलं, कुणाची शाळा सुटली. २६ जानेवारीला डीपीवर तिरंगा लावताना आपल्याला काहीच मोजावं लागत नाही. लावायला हरकत नाही. फक्त २७ जानेवारीला आपण काय करतो, तेही बघायला हवं.

कुमारप्पा गेले ते ३० जानेवारी १९६०ला, गांधीजींच्याच स्मृतिदिनी. वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामहून परतताना मगनवाडीतही डोकावून या.