मोएद

हिब्रू 'मोएद'ला आपण सण म्हणतो, पण त्याच्या धातूचा अर्थ ठरवणं, भेट नेमणं. 'ओहेल मोएद' म्हणजे भेटीचा तंबू. मंडळी या अर्थाचा 'एदा'ही याच कुळातला. म्हणून बायबलच्या लेवीय २३ मधले सण देवानं नेमलेल्या भेटी ठरतात. येशूला मसीहा मानणारे मेसियानिक यहुदी हे शब्दशः घेतात: वल्हांडणाला क्रूस, प्रथमफळाला पुनरुत्थान, शावुओतला पवित्र आत्मा. कर्ण्यांचा सण, योम किप्पूर, सुक्कोत हे शरदातले सण मात्र बरेच जण त्याच्या पुनरागमनाशी जोडतात. इतर यहुदींना हे मान्य नाही. पण त्यातली वाट पाहण्याची निष्ठा मला मोलाची वाटते. नेमलेला काळ ढळू नये म्हणून हिब्रू पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा अदार महिना दोनदा येतो, आपल्या अधिकमासासारखा. त्यामुळेच वल्हांडणाचा निसान महिना वसंतात राहतो.