नामकरण, शासकीय योजनांचे

योजनेचे नाव तिच्या निकषांच्या आधी लोकांपर्यंत पोहोचते. समाजमाध्यमांवर तर शासन निर्णय क्वचितच कुणी वाचतो; तेथे नावाचाच हॅशटॅग होतो आणि त्याच नावावर कोट्या होतात.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्यविमा कायद्याला विरोधकांनी 'ओबामाकेअर' म्हणून हिणवले. पुढे ओबामांनी ते नाव आपलेसे केले. २०१३ मध्ये सीएनबीसीच्या जनमत चाचणीत 'ओबामाकेअर'ला ४६ टक्क्यांनी विरोध दर्शवला, तर त्याच कायद्याच्या अधिकृत नावाला ३७ टक्क्यांनी. कायदा एकच होता.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना'. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात जाहीर केली. मध्य प्रदेशात 'लाडली बहना' २०२३ पासून चालू होतीच. 'अनुदान' म्हटले की तिजोरीचा हिशेब निघतो. 'बहीण' म्हटले की ओवाळणी आठवते, आणि ओवाळणीचा हिशेब मागणारा वाईट ठरतो. पहिले दोन हप्ते रक्षाबंधनाच्या तोंडावर खात्यांत पडू लागले. टीकाकारांना सत्ताधाऱ्यांनी 'सावत्र भाऊ' ठरवले. सत्ताधाऱ्यांतही नावावरून कुरबूर झाली : अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या प्रचारात 'मुख्यमंत्री' हा शब्द गळाल्याने तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या गटाने नाराजी व्यक्त केली.

विरोधकांची अडचण अशी, की त्यांनाही याच नात्याच्या भाषेत बोलावे लागले. बहिणीला मिळते, मग भावाचे काय, असा प्रश्न आला आणि युवकांच्या कार्य प्रशिक्षण योजनेला लोक 'लाडका भाऊ' म्हणू लागले. 'लाडका कंत्राटदार' हा टोमणाही त्याच साच्यातला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराविरुद्ध झालेल्या आंदोलनात मात्र नाव सरकारवरच उलटले. लाडकी बहीण नको, सुरक्षा द्या, अशा आशयाचे फलक तेथे झळकले.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. त्यात पैशाचा वाटा किती आणि नावाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. नंतर लाभार्थी महिलांची पडताळणी सुरू झाली आणि नावे वगळली जाऊ लागली, तेव्हा 'अपात्र लाभार्थी' हा कार्यालयीन शब्द मागे पडला. 'लाडकी'ची जोडीदारीण 'दोडकी' मराठीत तयारच होती.