अर्धी कारखान्यात, अर्धी पेठेत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत नवी क्रूझर मोटारसायकल आली की तिच्या हँडलला हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि पहिली सर्व्हिसिंग होण्याआधीच ती गॅरेजवाल्याच्या दारात उभी राहते. बिघाड काही नसतो. तिला लेग गार्ड हवा असतो, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ हवी असते, हँडल थोडे मागे ओढून घ्यायचे असते, सीटमधला फोम बदलायचा असतो. दीड-दोन लाखांची नवीकोरी वस्तू घेऊन लगेच तिच्यात फेरफार करण्याचे स्पष्टीकरण साधारण दोन प्रकारे दिले जाते. कुणी म्हणते, ही निव्वळ मिरवण्याची हौस. कुणी म्हणते, अमेरिकन सिनेमातल्या चॉपरची ही नक्कल. दोन्ही स्पष्टीकरणांत थोडे तथ्य आहे. मात्र आपल्याकडच्या जड मोटारसायकलीचा इतिहास त्यांत बसत नाही. तो पाहिला तर दिसते ते असे: ही गाडी आपल्या भागात कधीच पूर्ण तयार होऊन आली नाही. कारखान्याने अर्धे काम केले आणि उरलेले मालकाने व गल्लीतल्या कारागिराने पुरे केले.

अमेरिकेशी तुलना इथेच करून टाकावी, कारण नकलेचा आरोप तिच्यावरच उभा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिकडच्या तरुणांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापले, नको ते पत्रे उतरवले आणि गाडी हलकी केली. त्यातून बॉबर जन्मला, पुढे फ्रेमला हात घालणारा चॉपर आला आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ने तो जगभर नेला. त्या परंपरेचा गाभा कापण्यात आहे. एकट्या स्वाराला आड येणारे सगळे काढून टाकायचे. आपल्याकडे नेमके उलटे घडले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डची ३५० सीसीची बुलेट निवडली आणि ८०० गाड्या मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबरच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, इथला चालूच राहिला. म्हणजे बुलेट इथे आली ती गस्तीवरच्या जवानासाठी. बागायतदार, कंत्राटदार, फौजदार आणि दूधवाला यांनी ती घेतली तेव्हा तिच्यावर घर बसवावे लागले: टाकीवर मूल, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, कडेला किटल्या किंवा पोते. जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

या जोडण्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे साडी गार्ड. नऊवारी किंवा पाचवारीचा पदर मागच्या चाकात जाऊन होणारे अपघात हा ज्या समाजात बायका एका बाजूने बसतात तिथला प्रश्न. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हे सगळे सक्तीचे केले. या भूमीवरच्या स्वारांची गरज अशी थेट कारखान्याच्या नकाशात गेली. जोडण्याचे दुसरे कारण टंचाईचे. परवाना राज्यात बजाजची स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि निवडीला फारसा वाव नसे. मिळेल ती गाडी घ्यायची आणि हवी तशी करून घ्यायची, हा तेव्हाचा एकमेव मार्ग होता. हौस नंतर आली. आधी नाइलाज होता.

हे काम सोलापुरात का रुजावे, याचे उत्तर शहराच्या धंद्यात सापडते. १८६० मध्ये इथे रेल्वे आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगची गिरणी सुरू झाली, तीच लोकांची जुनी मिल. पुढे आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचे हातमाग आले, त्यांचे यंत्रमाग झाले आणि चादरी-टॉवेलांवर शहर जगू लागले. मागाच्या धंद्यात यंत्र विकत आणले म्हणून लगेच कापड निघत नाही. त्यावर डॉबी किंवा जॅकार्ड चढवायचे, धोट्याची चाल जुळवायची, झिजलेला भाग लेथवर करून घ्यायचा. यंत्र आपल्या मालाला बसवून घेणे हा ज्या गावाचा रोजचा व्यवहार, तिथे टर्नर, वेल्डर आणि फिटर हाकेच्या अंतरावर असतात. अशा गावात मोटारसायकलचा लेग गार्ड वाकवून देणारा हात नव्याने घडवावा लागत नाही. मोटारसायकल सजवण्याची कला मुंबईच्या स्टुडिओतून जिल्ह्यांत झिरपली, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’सारख्या कार्यशाळांनी चॉपरला स्वतंत्र कलावस्तूचा दर्जा दिला तो या शतकात, पेठेतले काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

खरी क्रूझर मात्र उशिरा आली. नव्वदच्या दशकात एन्फिल्डच्या लाइटनिंगने चुणूक दाखवली. पण मध्यमवर्गाच्या आवाक्यातला प्रकार म्हणजे बजाजने २००१ मध्ये कावासाकीच्या साथीने आणलेली एलिमिनेटर. २००२ ची थंडरबर्ड आणि २००५ ची ॲव्हेंजर तिच्यामागून आल्या. २०२० मध्ये मीटिऑर ३५० आणि २०२३ मध्ये सुपर मीटिऑर ६५० आली. सोलापूरला हा प्रकार मानवावा अशीच जमीन आहे. सपाट, कोरडा मुलूख. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूरकडे फुटणारे महामार्ग. अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूरच्या वाऱ्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर पाय पुढे टाकून एका गतीने जाणे, याच कामासाठी ही गाडी घडलेली. अडचण तिथे पोचेपर्यंतची आहे. स्प्लेंडरचे वजन ११२ किलोच्या आसपास, मीटिऑरचे १९१, सुपर मीटिऑरचे २४१. दोन चाकांतले अंतर स्प्लेंडरला सव्वाशे सेंटिमीटरच्या जवळपास, मीटिऑरला १४० आणि सुपर मीटिऑरला १५०. पेठेतल्या बोळात स्प्लेंडर एका दमात वळते, तिथे क्रूझरला दोनदा मागेपुढे करावे लागते. घरासमोरच्या उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी पायांनी मागे ओढणे अवघड, कारण मागचा गियर तिला नाही.

म्हणून जुळवून घेण्याचे पहिले काम स्वाराच्या अंगावर येते, आणि ते ताकदीने होत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीला निघणारे सात नंदीध्वज हे सोलापूरकरांना सांगायला हवे असे नाही. बाराबंदी घातलेला मानकरी उंच, जड काठी कमरेशी पेलतो, त्याआधी कित्येक दिवस सराव चालतो, आणि काठी कलली की तिला दंडाने रोखण्यापेक्षा पायांनी तिच्याखाली जाणे त्याला ठाऊक असते. जड मोटारसायकलीचा न्याय हाच आहे. कमी वेगात अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांवर ती तोलायची, नजर वळणाच्या टोकाला ठेवायची, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, आणि कलायला लागल्यावर सावरण्याऐवजी कलूच द्यायची नाही. असे शिकणे आपल्याकडे नवे नाही. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असे. पहिला गियर वर, बाकीचे खाली. जावा-येझदीवरून बुलेटवर येणाऱ्याला दोन्ही पायांची सवय मोडावी लागे. ॲमीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्प्रेसर दाबून किक मारण्याची रीतही शिकावी लागे. २००९ नंतर नव्या इंजिनाबरोबर गियर डावीकडे गेला, बटन स्टार्टही सर्रास झाला. यंत्राने एवढे पाऊल स्वाराकडे टाकले, तरी शरीराचा प्रश्न राहिला. पाय पुढे असले की खडबडीत रस्त्याचा धक्का पायांवर झेलता येत नाही, तो थेट माकडहाडाला बसतो. हँडल दूर असले की खांदे भरून येतात. कारखाना सरासरी उंचीचा माणूस धरून सीट बनवतो. सरासरी माणूस पेठेत राहत नाही. राहतो तो साडेपाच फुटांचा दुकानदार किंवा सहा फुटांचा इंजिनिअर. फोम बदलणे, हँडलखाली रायझर घालणे, फूटरेस्ट मागे घेणे ही कामे म्हणूनच शिंप्याच्या मापासारखी आहेत, दागिन्यांसारखी नाहीत.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप कानांनी ऐकू येतो: बुलेटचा फटाका. कंपनीचा सायलेन्सर काढून पोकळ नळकांडे लावायचे आणि रात्री अरुंद बोळातून बार उडवत जायचे, यात कोणती गरज भागते? कोणतीच नाही. पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण या आक्षेपाने सगळी परंपरा बाद होत नाही. उलट तिच्यातच फरक करण्याचे माप मिळते. सीट, हँडल, बॅकरेस्ट, साडी गार्ड यांचा भार किंवा लाभ गाडीवर बसणाऱ्याला होतो. फटाक्याचा भार शेजारच्या घरातल्या आजाऱ्याला आणि परीक्षेला बसलेल्या मुलाला होतो. कायद्याची चालही याच दिशेची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात २००० मध्ये दुरुस्ती होऊन उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ठामपणे उचलून धरली. पण बदलाची व्याख्या कायद्यानेच दिली आहे: गाडीचे मूलभूत स्वरूप पालटेल असा रचनेतला फेरफार. फ्रेम कापणे किंवा दुसरे इंजिन बसवणे त्यात येते. पाठीला टेका देणारी गादी त्यात बसवायची तर शब्द फार ताणावे लागतील.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. आजच्या गाडीत पेठेतल्या कारागिराने हात घालूच नये, कारण ती पूर्वीसारखी साधी राहिलेली नाही. हे बरेचसे खरे आहे. हँडल उंच केले की क्लचची केबल आणि ब्रेकची नळी ताणली जाते. एबीएस आल्यापासून त्या नळीत गडबड परवडत नाही. २०२० च्या बीएस-सहा निकषांनंतर इंधन इंजेक्शनने येते, सायलेन्सरच्या वाटेत ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, आणि जादा दिव्यांसाठी वायरिंगला मध्येच चिमटा काढला तर वॉरंटी जातेच, शिवाय गाडी भर रस्त्यात बंद पडू शकते. यातून निघतो तो कारागिराच्या शिक्षणाचा प्रश्न. हातमागावरून यंत्रमागावर जाताना या शहराने असे शिक्षण एकदा घेतलेले आहे.

कंपन्यांनीही आता ते उरलेले अर्धे काम स्वतःच्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली आहे. रॉयल एन्फिल्डने २०२० पासून बुकिंग करतानाच रंग, सीट, काच, गार्ड निवडायची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने ‘गोअन क्लासिक ३५०’ आणली. साठ-सत्तरच्या दशकांत गोव्यात उतरलेल्या परदेशी पाहुण्यांनी जशा गाड्या बदलून वापरल्या, त्यांचा वारसा सांगणारी, उंच हँडलची आणि पांढऱ्या कडांच्या टायरची ही बॉबर. पण अमेरिकन बॉबरची ओळख जी एकाकी सीट, तिच्यामागे या गाडीला काढता-घालता येणारी दुसरी सीट द्यावी लागली. कापण्याच्या परंपरेतले सर्वांत ठळक रूपही इथे विकायचे तर त्याला मागच्या माणसासाठी जागा जोडावी लागते, हे आता कारखान्यालाही पटले आहे. नक्कल म्हणणाऱ्यांना याहून स्वच्छ उत्तर देता येणार नाही. क्रूझर घेणाऱ्याने आणि तिला हात लावणाऱ्या कारागिराने म्हणून एकच हिशेब ठेवावा: जो बदल बसणाऱ्याच्या अंगाला, घराला आणि रस्त्याला जुळतो तो बिनदिक्कत करावा, आणि ज्याची किंमत वाटेवरच्या तिसऱ्याने मोजायची तो मुळीच करू नये.