दूध ओतायचं भांडं

विस्मरणाच्या एका आजाराचा इतिहास चार प्रश्नांपासून सुरू होतो. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी नाव विचारलं. ‘‘आउगुस्टे.’’ आडनाव? ‘‘आउगुस्टे.’’ यजमानांचं नाव? ‘‘आउगुस्टे, बहुतेक.’’ नाव लिहायला सांगितलं, तर ‘श्रीमती’ एवढंच लिहून पुढचं त्या विसरल्या.

पेन्सिल, किल्ली, सिगार यांची नावं मात्र त्यांनी बरोबर सांगितली होती. पण कधी कधी नेमका शब्द सापडत नसे. कपाला त्या ‘दूध ओतायचं’ अशा अर्थाचा शब्द वापरत. पुढे बोलणं समजेनासं झालं. एप्रिल १९०६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मेंदूत काय दिसलं, हे डॉक्टरांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत मांडलं. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

मी कवी आहे. नेहमीचा शब्द टाळून आडवाटेनं जाणं हा आमचा रोजचाच उद्योग. पण कवी हौसेनं आडवाट धरतो, बाईंना दुसरी वाटच उरली नव्हती.

ही झीज लेखणीतही उतरते. कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांची शेवटची कादंबरी १९९५ मध्ये आली. आजाराचं निदान त्यानंतरचं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिची तुलना त्यांच्या १९५४ आणि १९७८ च्या कादंबऱ्यांशी केली गेली. वाक्यांची घडण फारशी बदललेली नव्हती; शब्दभांडार मात्र आटलं होतं. या आजारात बहुधा असंच होतं. आधी नावं निसटतात, व्याकरण टिकून राहतं. मग वाक्यं तुटतात, तेच तेच बोललं जातं, आणि अखेरीस मोजके शब्द उरतात.

माझी खाला अखेरच्या वर्षांत चष्म्याला ‘डोळ्यावरचं’ म्हणे. तिची सून काही न बोलता चष्मा आणून देई. आपल्याकडे अशा माणसाला ‘नीट सांगा’, ‘आठवून बघा’ म्हणण्याची सवय आहे. त्यानं शब्द परत येत नाही, माणूस मात्र ओशाळतो आणि बोलणंच सोडतो. शब्द चुकला तरी मागणं खरं असतं. ‘दूध ओतायचं’ मागितलं, तर कप हातात द्यावा.