संधिवात, वारा आणि सुई

आईचे गुडघे दुखतात. ‘ॲक्युपंक्चर करून बघू का?’ हा तिचा प्रश्न. म्हटलं, आधी या शब्दाचा इतिहास तरी बघूया.

१६७४ साली विलेम तेन ऱ्हायने हा २७ वर्षांचा डच डॉक्टर, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा, जपानमध्ये नागासाकीच्या देजिमा बेटावर आला. तिथे त्याला सुया टोचून केले जाणारे उपचार कळले. १६८३मध्ये लंडनहून त्याचं लॅटिन पुस्तक निघालं. मुख्य विषय? चक्क संधिवात! ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द युरोपला त्याच पुस्तकाने दिला. ॲकस म्हणजे सुई, पंक्चुरा म्हणजे टोचणं. सांध्यात वारा अडकतो म्हणून दुखतं, असं त्याचं म्हणणं. आपल्या ‘संधिवात’मधला वात आठवला ना?

आज कळलंय, कारण वारा नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कूर्चा झिजते. रुमॅटॉइडमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर हल्ला करते. सुईने कूर्चा पुन्हा वाढत नाही. दुखणं कमी होतं का, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये सशर्त होकार दिला, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२मध्ये सरळ नकार.

म्हणून आईला सांगितलं, आधी निदान, मग सुईचं बघू. कारण रुमॅटॉइड निघाला आणि औषधाला उशीर झाला, तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.